पान आणि पडदा समोर नसताना : पुस्तके, मालिका आणि व्हिडिओ गेम यांवर पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांसाठी

एखादी कादंबरी वाचून झाल्यावर किंवा एखादा गेम संपवल्यावर मित्राशी तासभर चर्चा रंगते आणि शेवटी कोणीतरी म्हणते, ‘हे रेकॉर्डच करायला हवे होते.’ हा लेख त्या ‘कोणीतरी’साठी आहे. आम्ही दोघांनीही अशाच एका वाक्यावरून पॉडकास्ट सुरू केला आणि पहिले चार भाग प्रकाशित न करताच टाकून दिले. आवाज स्वच्छ होता आणि मुद्देही बरे होते, परंतु ते भाग ज्यांना ऐकवले त्यांना आम्ही नेमके कशाबद्दल बोलत आहोत हेच उमगत नव्हते. मित्राशी बोलताना ‘तो पुलावरचा प्रसंग’ एवढे म्हटले तरी भागते, कारण तो प्रसंग त्यानेही पाहिलेला असतो. श्रोत्यासमोर मात्र पान नसते, पडदा नसतो आणि हातात कंट्रोलरही नसतो. तो चालताना, प्रवासात किंवा घरकाम करताना केवळ कानांनी आपल्यापर्यंत पोहोचलेला असतो. पुढील बहुतेक पायऱ्या या एकाच अडचणीतून निघालेल्या आहेत. माइकची निवड पाचव्या क्रमांकावर का आहे, हेही त्यावरून लक्षात येईल.

आधी जवळ काय हवे

- एक माइक आणि कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन. सहनिवेदक असल्यास प्रत्येकासाठी स्वतंत्र जोडी.
- ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर. ‘ऑडॅसिटी’ मोफत आहे आणि नवशिक्याला पुरून उरते.
- टिपणांची वही किंवा फाइल, ज्यात पृष्ठ क्रमांक आणि वेळा नोंदवता येतील.
- पॉडकास्टसाठी स्वतंत्र ईमेल पत्ता. तो वैयक्तिक नसावा, कारण फीडमध्ये, म्हणजे अ‍ॅपना भागांची माहिती पुरवणाऱ्या यादीत, दिलेला पत्ता कोणालाही दिसू शकतो.
- चौरस मुखचित्र, होस्टिंग सेवेवरील (भागांच्या फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवरील) खाते आणि वापरणार असलेल्या संगीताच्या परवान्याची प्रत.

१. श्रोता कोणता, हे आधी ठरवा

कलाकृतीवरच्या चर्चेला दोनच प्रकारचे श्रोते मिळतात : ज्यांनी ती वाचली, पाहिली किंवा खेळली आहे ते, आणि ज्यांनी तसे केलेले नाही ते. पहिल्याला शेवटाचा अर्थ लावायचा असतो. दुसऱ्याला त्या कलाकृतीला वेळ द्यावा की नाही, एवढेच समजून घ्यायचे असते. एकाच भागात दोघांनाही खूश करायला गेल्यास पहिला कंटाळतो आणि दुसऱ्याचा रसभंग होतो. म्हणून प्रत्येक भागाचा प्रकार आधी ठरवून घ्यावा : शिफारशीचा भाग, सखोल चर्चेचा भाग किंवा सहवाचनाचा भाग. सहवाचनात श्रोता आपल्यासोबत दर आठवड्याला ठरावीक प्रकरणे वाचतो किंवा गेमचा ठरावीक टप्पा खेळतो. नवोदितांना मी हाच प्रकार सुचवेन. त्यात श्रोता कुठवर आला आहे हे आपल्याला नेमके ठाऊक असते.

पुस्तके, मालिका आणि गेम हे तिन्ही विषय एकाच पॉडकास्टमध्ये घ्यायला हरकत नाही, मात्र त्यांना जोडणारा एक धागा असावा. ‘आम्हाला आवडणाऱ्या गोष्टी’ हा धागा नव्हे. तो फक्त आपल्या ओळखीच्या माणसांना धरून ठेवतो. ‘एकच कथा वेगवेगळ्या माध्यमांत कशी बदलते’ किंवा ‘काल्पनिक जगांची रचना’ असा काही प्रश्न घेतला, तर कादंबरीच्या भागासाठी आलेला श्रोता गेमच्या भागालाही थांबतो.

नाव ठरवताना ते मोठ्याने उच्चारून पाहावे आणि ऐकणाऱ्याला शोधपेटीत टाइप करायला सांगावे. मराठी नावाचे रोमन लेखन तीन-चार तऱ्हांनी होऊ शकते. त्यांपैकी एक निश्चित करून सर्वत्र तेच वापरावे.

२. वेळापत्रक बोलण्याच्या नव्हे, वाचण्या-खेळण्याच्या वेळेवरून आखा

‘दर आठवड्याला एक भाग’ ही घोषणा करण्याआधी हिशेब मांडावा. तीनशे पानांची कादंबरी टिपणे काढत वाचायला आठ ते दहा तास सहज लागतात. पन्नास मिनिटांच्या आठ भागांची मालिका सुमारे पावणेसात तासांत संपते. कथाप्रधान गेम मात्र पंधरा तासांतही संपू शकतो आणि साठ तासांतही संपत नाही. याशिवाय एका तासाच्या भागासाठी दीड तास रेकॉर्डिंग आणि सुरुवातीला किमान चार तास संपादन धरावे लागते. हे सारे मिळून पंधरवड्याला एक भाग हा वेग नोकरी किंवा शिक्षण सांभाळून झेपतो. मोठ्या गेमच्या आधी-नंतर लघुकथा, एखादा चित्रपट किंवा दोन-तीन तासांचा छोटा गेम ठेवला, की श्वास घ्यायला जागा मिळते.

पहिला भाग प्रकाशित करण्यापूर्वी तीन भाग तयार ठेवावेत. सहनिवेदकाने कलाकृती पूर्ण केलेली नसेल, तर रेकॉर्डिंग पुढे ढकलावे. ‘मी अजून शेवटपर्यंत पोहोचलो नाही, पण’ या शब्दांनी सुरू झालेली आमची एकही चर्चा नंतर वापरता आली नाही.

३. टिपणे माध्यमानुसार वेगळी काढा

पुस्तकासाठी आवृत्ती, पृष्ठ क्रमांक आणि अनुवाद असल्यास अनुवादकाचे नाव नोंदवावे. अनुवादित पुस्तकाच्या भाषेची स्तुती करताना अनुवादकाचा उल्लेखही न करणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण आपण वाचलेले प्रत्येक वाक्य त्याने लिहिलेले असते. मालिकेसाठी सीझन, भाग आणि मिनिट लिहावे.

गेमची टिपणे सर्वांत किचकट असतात, कारण दोन खेळाडूंनी खेळलेला गेम एकसारखा असतोच असे नाही. कोणत्या प्लॅटफॉर्मवर, कोणत्या आवृत्तीत, काठिण्याच्या कोणत्या पातळीवर आणि किती तास खेळलो. कथेला फाटे फुटत असतील तर कोणता मार्ग निवडला. कोणता शेवट पाहिला, हे सर्व भागाच्या सुरुवातीलाच सांगावे. अपडेटमुळे गेमचा समतोल, कधीकधी तर संवादही बदलतात. त्यामुळे ज्या त्रुटीवर आपण दहा मिनिटे टीका करतो, ती भाग ऐकला जाईपर्यंत दुरुस्त झालेली असू शकते. आवृत्ती सांगितलेली असल्यास ती टीका निदान खोटी ठरत नाही. महत्त्वाच्या निर्णयापूर्वी सेव्ह फाइलची वेगळी प्रत ठेवण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे दुसरा मार्ग तपासण्यासाठी पुन्हा वीस तास खेळावे लागत नाही.

परभाषिक नावांचे उच्चार आधीच तपासावेत. लेखकाची किंवा निर्मात्यांची एखादी मुलाखत ऐकली की बहुतेक शंका मिटतात. तरीही शंका उरल्यास दोन्ही निवेदकांनी एकच उच्चार ठरवून घ्यावा. एकाच पात्राची दोन नावे ऐकू आली, तर श्रोता पात्रे दोन आहेत असे समजतो.

संपूर्ण संहिता लिहून वाचू नये, कारण वाचलेले बोलणे लगेच ओळखू येते. प्रास्ताविक, कथासार आणि समारोप एवढेच लिहून काढावे आणि उरलेल्या भागासाठी मुद्दे ठेवावेत. कथासार दीड मिनिटात बसले पाहिजे. हे बंधन पाळणे अवघड आहे आणि तेवढेच उपयोगीही, कारण कथा सांगत बसणे हा मत टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो.

४. ऐकणाऱ्याला दिसेल असे बोला

रेकॉर्डिंगमध्ये ‘तो सीन’, ‘ते शेवटचे’, ‘तुला माहीतच आहे’ हे शब्द आले, की तिथे श्रोता बाहेर राहिला असे समजावे. प्रत्येक प्रसंग आधी एका वाक्यात उभा करावा : कोण आहे, कुठे आहे, काय घडते. त्यानंतरच त्यावर बोलावे. आम्ही यासाठी एक युक्ती केली. प्रत्येक भागात दोघांपैकी एकाने अनभिज्ञ श्रोत्याची बाजू घ्यायची आणि संदर्भ सुटला की लगेच अडवून विचारायचे. सुरुवातीला हे नाटकी वाटते, पण तीन-चार भागांनंतर अडवण्याची वेळच फारशी येत नाही.

गेमचे वर्णन ही वेगळीच कसरत आहे. ‘लढाई मस्त आहे, कंट्रोल घट्ट आहेत’ या वाक्यातून न खेळलेल्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी क्रमाने सांगाव्यात : खेळाडूचे हात काय करतात, पडदा त्याला काय उत्तर देतो आणि त्यातून मनावर काय परिणाम होतो. उदाहरणार्थ, ‘ढाल उचलायला अर्धा सेकंद लागतो, म्हणून शत्रूचा हात वर जाताच निर्णय घ्यावा लागतो; उशीर झाला तर सगळी शिदोरी हरवून मागच्या थांब्यापासून सुरुवात करावी लागते, त्यामुळे साध्या सैनिकासमोरही छाती धडधडते.’ एवढे ऐकल्यावर, ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही असा साहित्याचा वाचकही चर्चेत सामील होऊ शकतो. ‘हिटबॉक्स’, ‘ग्राइंड’, ‘रोगलाइक’ असे शब्द वापरायला हरकत नाही, परंतु पहिल्या उल्लेखाला अर्ध्या वाक्याची फोड द्यावी. हाच नियम ‘अविश्वसनीय निवेदक’ किंवा ‘संज्ञाप्रवाह’ या समीक्षेतील संज्ञांनाही लागू आहे. गेमर मंडळींना त्या तितक्याच परक्या असतात.

उद्धरणांबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण अवतरणचिन्हे ऐकू येत नाहीत. वाचन कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे शब्दांत सांगावे. एका वेळी तीन-चार वाक्यांहून अधिक वाचू नये आणि नेहमीपेक्षा थोडे सावकाश वाचावे. कवितेच्या ओळी असतील, तर त्या चर्चेआधी एकदा आणि चर्चेनंतर पुन्हा एकदा वाचाव्यात. दुसऱ्या वेळी श्रोत्याला त्या खरोखर वेगळ्या ऐकू येतात.

स्पॉइलरसाठी, म्हणजे कथेतील रहस्य आधीच उघड होण्याबाबत, ‘पुढे स्पॉइलर आहेत’ असा एक मोघम इशारा पुरेसा नसतो. भागाचे सरळ टप्पे करावेत : पहिल्या टप्प्यात काहीही उघड होणार नाही, दुसऱ्यात मध्यापर्यंतची कथा येईल आणि तिसऱ्यात शेवट येईल. टप्पा बदलताना एकच ठरावीक ध्वनी वाजवावा आणि वर्णनात त्या वेळा द्याव्यात. श्रोत्याचे हात गुंतलेले असण्याची शक्यता धरून, इशारा दिल्यानंतर निदान दहा सेकंद काही महत्त्वाचे बोलू नये. दुसऱ्याच एखाद्या कलाकृतीचा शेवट ओघात सांगून टाकणे हा याहून मोठा सापळा आहे, कारण त्याचा इशारा कोणीच दिलेला नसतो.

राहिला प्रश्न मतभेदाचा. ‘मला आवडले’ आणि ‘मला नाही आवडले’ यांत चर्चा अडकली, की ‘नेमके कुठे?’ असे विचारावे. उत्तरादाखल एखादे पान, एखादे दृश्य किंवा एखादी लढाई पुढे आली, की संभाषण आपोआप पुढे सरकते.

५. माइक आणि खोली

आवाजाचा दर्जा माइकपेक्षा खोलीवर अधिक अवलंबून असतो. उघड्या भिंती आणि मोकळी फरशी प्रतिध्वनी देतात. पडदे, गादी, कपड्यांचे कपाट तो शोषून घेतात. आवाज शोषणारे असे काही नसलेल्या खोलीत डायनॅमिक माइक अधिक संवेदनशील कंडेन्सर माइकपेक्षा सोयीचा पडतो, कारण तो तोंडाजवळ ठेवून वापरला जातो आणि दूरचे आवाज त्यात कमी येतात. समोरून ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड प्रकारचा माइक घ्यावा. तोंडापासून तो चार बोटे ते एक वीत अंतरावर आणि किंचित तिरका ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा फुंकर-आवाज टळतो. एकट्यासाठी यूएसबी माइक पुरेसा आहे. दोन माणसे एकाच खोलीत असतील, तर एक्सएलआर माइक (तीन पिनांच्या वायरने जोडला जाणारा) आणि ऑडिओ इंटरफेस (असे माइक संगणकाला जोडणारी पेटी) घेणे पुढे सोयीचे ठरते. कंडेन्सर माइकला बहुधा ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच माइकला मिळणारी वीज, लागते आणि इंटरफेसवर तिचे बटण असते; ते न दाबल्यामुळे ‘माइक बिघडला’ असे समजणारे अनेक जण भेटतात.

६. रेकॉर्डिंग

१. प्रत्येक व्यक्तीचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावा. दोघांचे आवाज एकाच ट्रॅकवर मिसळले, तर एकाची खोकल्याची उबळ कापताना दुसऱ्याचे वाक्यही कापले जाते.

२. सहनिवेदक दुसऱ्या ठिकाणी असल्यास प्रत्येकाने स्वतःच्या संगणकावर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करावा आणि संभाषणासाठी कॉल वेगळा चालू ठेवावा. सुरुवातीला सर्वांनी एकाच वेळी एक टाळी वाजवावी. नंतर ट्रॅक जुळवताना तिचा उपयोग होतो. शेवटीही एक टाळी घ्यावी, कारण दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत आणि तासाभरात आवाज मागे-पुढे सरकू शकतो.

३. आवाजाची पातळी अशी ठेवावी, की मोठ्याने हसल्यावरही मीटर शून्याला टेकणार नाही. सामान्य बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास असावीत. शून्यावर फाटलेला आवाज सहसा नीट दुरुस्त होत नाही.

४. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झवर घ्यावी. २४ बिटचा मोनो ट्रॅक तासाला सुमारे ४७६ मेगाबाइट जागा घेतो. तेवढी जागा रिकामी आहे का, हे आधी पाहावे. आमची एका पाहुण्यासोबतची दोन तासांची चर्चा डिस्क भरल्यामुळे चाळिसाव्या मिनिटाला थांबली होती आणि ते आम्हाला निरोप घेताना कळले. तेव्हापासून कॉलचे एक साधे रेकॉर्डिंगही राखीव म्हणून चालू असते.

५. बोलण्याआधी अर्धा मिनिट शांत बसून खोलीचा आवाज रेकॉर्ड करावा. गोंगाट कमी करण्यासाठी आणि संपादनातील तुकडे सांधण्यासाठी तो लागतो.

गेमचा आवाज वापरायचा असल्यास ‘ओबीएस स्टुडिओ’ या पडदा आणि आवाज रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सहापर्यंत स्वतंत्र ध्वनिट्रॅक घेता येतात, गेम एका ट्रॅकवर आणि माइक दुसऱ्यावर ठेवावा. खेळताखेळता चर्चा मात्र रेकॉर्ड करू नये. बटणांची खटखट येते हे एक कारण, आणि लढाईत गुंतलेल्या माणसाची वाक्ये पूर्ण होत नाहीत हे दुसरे.

७. संपादन

आधी आशय आणि मग आवाज, हा क्रम मोडू नये. पहिल्या फेरीत भरकटलेले मुद्दे आणि पुनरुक्ती काढावी, दुसरीत अडखळणे आणि लांब विराम कमी करावेत. प्रत्येक ‘म्हणजे’ कापत बसू नये. श्वास नसलेले बोलणे यांत्रिक वाटते. त्यानंतर सर्वांचे आवाज एका पातळीवर आणावेत. अ‍ॅपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याच्या एककाच्या) जवळची एकूण पातळी आणि उणे १ डेसिबलपेक्षा वर न जाणारी शिखरे अशी आहे. ती सर्वत्र चालते. अंतिम एमपी३ फाइल १२८ केबीपीएसवर काढल्यास तासाचा भाग साधारण ५८ मेगाबाइटचा होतो. प्रकाशनापूर्वी तो एकदा फोनच्या साध्या स्पीकरवर ऐकावा.

८. हक्क आणि परवानग्या

‘तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा कायदेशीर असतो’ हा समज पूर्णपणे निराधार आहे. आंतरराष्ट्रीय बर्न कराराचे दहावे कलम प्रकाशित कृतीतून उद्धृत करण्याची मुभा देते, पण त्यासाठी उद्धरण योग्य व्यवहाराला धरून आणि हेतूला आवश्यक तेवढेच असावे लागते, तसेच स्रोत आणि लेखकाचे नाव नमूद करावे लागते. तपशील प्रत्येक देशाच्या कायद्यात निराळे आहेत. आपण राहतो तिथली तरतूद वाचून घ्यावी. व्यवहारात एक कसोटी उपयोगी पडते : हा तुकडा काढून टाकला तर माझा मुद्दा कोसळतो का? कोसळत नसेल, तर तुकडा सजावटीसाठी आहे आणि तो काढावा.

संगीताच्या बाबतीत अधिकच सावध राहावे. गाण्याची रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. गेममधील गाणी अनेकदा बाहेरून परवान्यावर घेतलेली असतात. त्यामुळे प्रकाशकाने खेळाचे चित्रण दाखवण्याची परवानगी दिली, तरी ती गाणी त्यात येतीलच असे नाही. शीर्षकसंगीतासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला खुले केलेले, संगीत घेताना ‘अव्यावसायिक’ ही अट आहे का, हे पाहावे. पुढे जाहिराती घेतल्यास तीच अट आड येते.

पुस्तक किंवा गेम मोफत मिळाला असेल, तर भागाच्या सुरुवातीलाच तसे सांगावे. प्रकाशनपूर्व प्रतीसोबत बहुधा अमुक तारखेआधी न बोलण्याची अट येते. ती पाळता येणार नसेल, तर प्रत स्वीकारू नये. पाहुण्यांकडून रेकॉर्डिंग, संपादन आणि प्रकाशनाची लेखी संमती घ्यावी. एक ईमेलही पुरते.

९. प्रकाशन

ऐकण्याच्या अ‍ॅपवर आपण सहसा फाइल चढवत नाही. फाइल होस्टिंग सेवेवर राहते, ती सेवा आरएसएस फीड तयार करते आणि अ‍ॅप ती फीड वाचतात. २००४ साली बेन हॅमर्स्ली यांनी ‘द गार्डियन’मध्ये ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द सुचवला, त्याआधीपासून ही व्यवस्था अशीच आहे आणि तिचा फायदा असा, की एखादे अ‍ॅप बंद पडले तरी पॉडकास्ट बंद पडत नाही. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती त्यांना फक्त श्रोत्यांना दुसऱ्या अ‍ॅपकडे वळवायचे राहिले. म्हणून होस्टिंग सेवा निवडताना एकच प्रश्न नेटाने विचारावा : उद्या मला दुसरीकडे जायचे झाल्यास तुम्ही जुन्या फीडवरून नव्या फीडकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे अ‍ॅपना आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सूचना, देता का?

मुखचित्र चौरस, १४०० ते ३००० पिक्सेलचे, जेपीईजी किंवा पीएनजी स्वरूपात असावे आणि अंगठ्याएवढ्या आकारातही नाव वाचता यावे. फीडमध्ये भाषा मराठी निवडावी; ती इंग्रजीवर तशीच राहून जाते आणि मग मराठी पॉडकास्ट शोधणाऱ्याला आपण सापडत नाही. अ‍ॅपलच्या वर्गवारीत कला या विभागाखाली पुस्तके आणि फावल्या वेळेच्या विभागाखाली व्हिडिओ गेम असे उपवर्ग आहेत. ज्या विषयाचे भाग जास्त, तो मुख्य वर्ग ठेवावा. शिवराळ किंवा प्रौढ आशय असेल, तर ‘एक्स्प्लिसिट’ची खूण प्रामाणिकपणे करावी. वर्णनात कलाकृतीचे पूर्ण नाव, निर्माते, अनुवादक, गेमची आवृत्ती आणि स्पॉइलरच्या वेळा द्याव्यात.

१०. प्रकाशनानंतर

डाउनलोडचा आकडा म्हणजे ऐकणाऱ्यांचा आकडा नव्हे. अनेक अ‍ॅप भाग आपोआप उतरवून घेतात. श्रोते कोणत्या मिनिटाला सोडून जातात, हे दाखवणारा आलेख अधिक बोलका असतो. आमच्याकडे ती गळती जवळजवळ नेहमी कथासारात होत असे. दीड मिनिटाचा नियम तिथूनच आला.

चुका होणारच, लेखकाचे नाव चुकते, गेमचे वर्ष चुकते. किरकोळ चुकीची दुरुस्ती वर्णनात लिहावी आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगावी. चूक गंभीर असेल, तर फाइल बदलावी, मात्र जुना भाग पुसून नवा चढवू नये. होस्टिंग सेवेतील ‘फाइल बदला’ हा पर्याय वापरल्यास भागाचा ओळखक्रमांक, म्हणजे जीयूआयडी, तोच राहतो. तो बदलला, तर तोच भाग श्रोत्यांच्या यादीत नवा म्हणून पुन्हा दिसतो आणि ‘हा तर ऐकला आहे’ असे कळवणारे ईमेल त्या स्वतंत्र पत्त्यावर येऊ लागतात.